डाव्या गालाचं दुखणं आणि उजवा हात

त्या वर्षी आमच्या ह्यांनी श्रावण धरला आणि मी खुळी खूश झाले. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने कधी साधी चतुर्थी केली नव्हती. श्रावणी सोमवारी कंपनीतून येताना सुकट घेऊन येणारा आणि वर "देवाला कुठे वास येतोय" म्हणणारा हा गृहस्थ. त्याने एकाएकी दाढी करणं सोडलं. जेवण एक वेळचं, तेही दूधभात. बोलणं तर इतकं कमी झालं की मौनच म्हणा ना. मला वाटलं, पन्नाशी आली, देव आठवला. मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात उभी राहून मी चार बायकांना कौतुकाने सांगितलं, "ह्यांनी श्रावण धरलाय हो. अगदी कडक."

घरात आम्ही दोघंच. मुलगी पुण्याला नोकरीला. हे वालीवला पंपांच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, स्कूटरवरून जायचे-यायचे. मी दुपारी घरी शिकवण्या घ्यायची. त्याच सुमारास ह्यांचा चष्मा हरवला. मी सगळं घर पालथं घातलं, कपाटं ओढली, पिठाच्या डब्यातसुद्धा हात घालून पाहिला. हे म्हणाले, "राहू दे, सापडेल." नवा करून घ्या म्हटलं तर "बघू." पेपर वाचणं बंद झालं, त्याचंही श्रेय मी श्रावणालाच दिलं.

अमावास्या झाली, श्रावण संपला, दाढी तशीच. गणपती आणायला निघाले तरी तशीच. मी म्हटलं, "अहो, आता तरी उतरवा ते जंगल. लोक विचारतील सुतक आहे का म्हणून." ह्यांनी नुसती मान हलवली. आणि लोकांनी विचारलंच. समोरच्या आजींनी मला दारात गाठून खडसावलं, सुतकात मूर्ती कशी बसवली म्हणून. मी मुळातच फटकळ. म्हटलं, "आजी, आमच्यात कोणी मेलेलं नाही. मेलं की पहिलं तुम्हालाच कळवीन."

त्या संध्याकाळी आरतीला बिल्डिंगमधली बरीच मंडळी आली होती. आरती झाली, तबक फिरायला लागलं. ह्यांच्यापुढे आलं तेव्हा ह्यांनी ज्योतीवर तळवे धरले आणि जन्माची सवय, ते तळवे तोंडावरून फिरवले.

माणसाला तसं होताना मी कधी पाहिलं नव्हतं. चेहऱ्याची डावी बाजू आवळली, डोळा घट्ट मिटला, आणि घशातून एक आवाज निघाला. ओरडणं नव्हतं ते, कण्हणंही नव्हतं. हे गुडघ्यांवर बसले आणि थरथर कापायला लागले. टाळ थांबले. आणि मग समोरच्या आजी म्हणाल्या, "आलं! अंगात आलं!"

झालं. बायकांनी पदर सावरून हात जोडले. कोणीतरी म्हणालं, "श्रावण कडक केला ना त्यांनी, त्याचंच फळ." तळमजल्यावरचे एक जण तर पुढे येऊन विचारायला लागले, "देवा, आपल्या बोअरिंगला पाणी कधी लागेल?" आजी कुंकवात बोट बुडवून आल्या आणि ह्यांच्या कपाळाला लावायला गेल्या. हे कापत होते, बोट घसरलं ते नाकावरून खाली. तेव्हा मात्र हे किंचाळले. मी आजींचा हात धरून बाजूला केला. "अंगात नाही आलेलं, दुखतंय त्यांना! दिसत नाही का? निघा सगळे. प्रसाद उद्या न्या." प्रसादाचं ताट हातात घेऊन मी माणसं घराबाहेर काढली, देवासमोर.

दार लावल्यावर हे भिंतीला टेकून बसले. कळ गेली होती. ती तशीच यायची आणि मिनिटाभरात जायची, जाताना पुढच्या कळेची धास्ती ठेवून जायची. म्हणाले, "अगं, तोंडात कोणी विजेची तार घालतं बघ." कधीपासून? तर ज्येष्ठापासून. दाढीचा ब्रश लागला की कळ. चूळ भरली की कळ. घास चावला की कळ. स्कूटरवर वारा लागला की गाडी बाजूला घेऊन उभं राहायचं. श्रावण लागला तेव्हा ह्यांना बरंच झालं. दाढी नाही, जेवण नाही, कोणी काही विचारत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होता हा माणूस, माझ्या शेजारी झोपून, आणि मी जिन्यात त्याची भक्ती सांगत होते. मला इतका संताप आला की मी रडायलाच लागले. "मी कोण आहे हो तुमची? शेजारीण?"

मग एकेक बाहेर पडलं. हे गुपचूप दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. तो बिचारा एक्स-रे दाखवून सांगत होता, दाढ चांगली आहे, हात लावायचं कारण नाही. ह्यांनी हट्टाने उपटायला लावली. कळ थांबली नाही, तर तिच्या शेजारचीही काढायला लावली. खालच्या जबड्यातल्या दोन धडधाकट दाढा गेल्या आणि दुखणं होतं तिथेच.

मुंबईला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. चेहऱ्याची शीर बिघडलीय, म्हणाले. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी कळ जरा मंदावली, पण डोकं गरगरायला लागलं, आणि थोड्या दिवसांत अंगभर लाल चट्टे उठले. गोळी बंद. आता ऑपरेशन, कानामागे कवटीला भोक पाडून. हे ऐकल्यावर ह्यांनी डॉक्टरांना नमस्कार केला आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "पुन्हा इथे आणू नकोस." त्यानंतर कळा परत जोरात सुरू झाल्या. दूधभाताची पेज झाली, पेजेचं पाणी झालं. ते पाणीही मान वाकडी करून, उजव्या गालातून, चमच्याने. कंपनीत रजा टाकली. शर्ट अंगावर लोंबायला लागले. मी देवापुढे बसून देवाशी भांडायची. काय वाकडं केलं होतं ह्या माणसाने कोणाचं? एक सुकट आणत होता सोमवारी, तेवढंच ना?

एका दुपारी शिकवणीची मुलं नुकतीच गेली होती. हे चपला घालून दारात उभे. खिळ्यावरची स्कूटरची किल्ली हातात. म्हणाले, "जरा चिंचोटीला जाऊन येतो."

"चिंचोटीला? काय आहे तिथे?"

"धबधबा आहे."

धबधबा आहे हे मला माहीत होतं. दर पावसाळ्यात तिथे कोणी ना कोणी बुडाल्याची बातमी यायची. ज्या माणसाला तोंडावर पाण्याचा थेंब सोसत नाही, तो धबधब्यावर कशाला निघालाय? मी ह्यांच्या हातातून किल्ली हिसकावून घेतली आणि ब्लाउजमध्ये टाकली. "जायचंय ना? मला मागे बसवून न्या. जिथे जाल तिथे दोघं जाऊ." हे चपलांच्या रॅकवर बसून राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून. मी त्यांच्या पायातल्या चपला काढल्या. त्या दिवसापासून ती किल्ली झोपतानासुद्धा माझ्या अंगावर असायची.

शिकवणीच्या एका मुलाच्या आईने नायगावच्या बाईंचं सांगितलं. सुया टोचतात, चिनी पद्धतीने. मी म्हटलं, चिनी असो की जपानी, बुडत्याला काडीचा आधार. नायगावला तेव्हा स्टेशनबाहेर चार इमारती आणि पलीकडे खाडी, मिठागरं. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे मफलर गुंडाळून, लोकांच्या नजरा चुकवत माझ्या मागून चालत होते.

बाई पूर्वी नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर हे शिकलेल्या. तळमजल्यावरच्या खोलीत एका भिंतीवर क्रूस, दुसऱ्या भिंतीवर एका टकल्या माणसाचं चित्र, अंगभर रेघा आणि रेघांवर ठिपके. ह्यांनी गालाला हात लागू नये म्हणून मान मागे घेतली. बाई म्हणाल्या, "घाबरू नका, दुखऱ्या बाजूला आज मी फिरकणारसुद्धा नाही." आणि त्यांनी ह्यांचा उजवा हात मागितला.

"दुखतंय डावीकडे," मी म्हटलं.

"म्हणूनच उजवा," त्या म्हणाल्या. "चवताळलेल्या कुत्र्याला समोरून हात लावतात का?"

अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात त्यांनी अंगठ्याने चाचपलं. चेहऱ्याच्या कुठल्याही दुखण्याला पहिली सुई इथेच, म्हणाल्या. दुसरी पायाच्या अंगठ्याशेजारच्या खाचेत, तीही उजव्या पायाला. सुई केसासारखी बारीक. गेली की "जड वाटतंय? मुंग्या येतायत?" असं विचारायच्या, हो म्हटल्याशिवाय हात काढायच्या नाहीत. ह्या दोन जागा सगळ्यांना लागू. पण चेहऱ्यावरच्या जागा प्रत्येकाच्या वेगळ्या, त्या निवडाव्या लागतात. शिरेच्या वाटा तीन, एक कपाळाकडे, एक गालाकडे, एक जबड्याकडे. जी वाट बिघडली असेल त्या वाटेवरच्या जागा धरायच्या. "तेव्हा मला नीट सांगा. कळ पोचते कुठे ते नको. निघते कुठून?"

"दाढेतून," हे म्हणाले. "खालच्या."

बाईंनी जबड्याच्या जागा धरल्या. पहिले काही दिवस फक्त उजव्या बाजूला, म्हणजे दुखणाऱ्या जागेच्या बरोबर समोरच्या. मग कळ झोपलेली असेल ती वेळ बघून डाव्या बाजूला. जबड्याच्या कोनावर, दात आवळले की उंचवटा येतो तिथे एक. कानापुढच्या खळग्यात एक. हनुवटीपाशी, दाढीचे केस बाजूला सारून, एक. हे डोळे मिटून टेबलाची कड धरून बसायचे. मी समोर बसून नवस बोलायची. उकडीचे मोदक, नारळांचं तोरण, जे सुचेल ते.

काही उपयोग नाही. जाऊन येऊन दिवस गेले, कळा तेवढ्याच. परतताना एकदा नायगावच्या पुलावर हे थांबले आणि खाली बघत राहिले. मी दंड धरून ओढत नेलं. बाईसुद्धा चिडायला लागल्या होत्या. म्हणाल्या, "जागा बरोबर आहेत, सुई बरोबर आहे, माणूस खोटं बोलतोय. नाहीतर कळ बोलतेय." मला त्यांचाही राग आला. दुखणाऱ्या माणसाला खोटारडा म्हणतेय ही बया!

आणि मग परतीचा पाऊस आला. मला बाजारात जायचं होतं, माझा रेनकोट स्कूटरच्या डिकीत. खाली जाऊन माझ्याजवळच्या किल्लीने मी डिकी उघडली. रेनकोटाखाली रुमालात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. उघडलं तर चष्मा.

हरवलेला चष्मा! काच शाबूत, दांड्या शाबूत. फक्त नाकावर बसणाऱ्या दोन गाद्यांपैकी डावीकडची काढून टाकलेली, आणि तिथल्या तारेला कापूस गुंडाळलेला. आधी थोडा कापूस, त्यावर आणखी, वर दोरा. किती वेळा करून पाहिलं असेल ह्या माणसाने, कुठे रस्त्याच्या कडेला गाडी लावून. उजवी गादी जशीच्या तशी. मी पावसात उभी राहून त्या कापसाकडे बघत राहिले. दाढेत कळ असती तर नाकाशी कापूस कशाला?

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! आम्ही इतके दिवस जबड्यात सुया टोचत होतो.

मी घरी एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी नायगावला, बाईंच्या टेबलावर, ह्यांच्यासमोर रुमाल सोडून चष्मा ठेवला. ह्यांनी बघितला आणि खाली मान घातली. बाईंनी चष्मा उचलला, कापसाला बोट लावलं, आणि कधी नव्हे त्या हळू आवाजात विचारलं, "कुठून निघते हो?"

ह्यांनी बोट वर नेलं. चेहऱ्याला न लावता, वीतभर अंतरावर, डाव्या नाकपुडीच्या कडेला धरलं. "इथून. मग वरच्या दातांवरून जाते, आणि दाढेत फुटते."

"मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, "बोला ना हो!" तेव्हा हे म्हणाले, "दाढेची नसेल, तर त्या दाढा मी उगाच काढल्या. डॉक्टर नको नको म्हणत असताना." आणि पन्नाशीचा माणूस, कारखान्यात बारा जणांवर आवाज चढवणारा, मफलरमध्ये तोंड खुपसून रडायला लागला. तोंड खुपसलं तशी कळ आली. रडताही येईना त्याला धड. माझा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, बाईंसमोर.

बाईंनी जबडा सोडून दिला. भिंतीवरच्या टकल्याच्या नाकाशेजारी बोट ठेवून मला म्हणाल्या, "आता गालाची वाट." एक जागा नाकपुडीच्या कडेला, जिथून कळ निघायची तीच. एक डोळ्याखाली, गालाच्या हाडात बारीकशी खाच असते तिथे. एक त्याच्याच खाली, बाहुलीच्या सरळ रेषेत. आधी सगळ्या उजवीकडे. डाव्या नाकपुडीशी सुई नेली त्या दिवशी मी दुसरीकडे तोंड केलं. ह्यांनी माझा हात इतका आवळला की बांगडी पिचली. सुई गेली. कळ आली नाही. "मुंग्या येतायत," हे म्हणाले.

एका दिवसात चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. दहा कळांच्या आठ झाल्या, मग कधी चार, मग एखादा दिवस रिकामा. पेजेचा भात झाला. दिवाळीत मी चकल्या केल्या, केवळ रीत म्हणून. हे स्वयंपाकघरात आले, एक चकली उचलली, उजव्या दाताखाली धरली आणि मोडली. कुडुम आवाज झाला. आम्ही दोघंही श्वास रोखून थांबलो. मग ह्यांनी चावायला सुरुवात केली, आणि मी कढईकडे तोंड करून ढसाढसा रडले. तेल तापून धूर निघाला तरी माझं लक्ष नाही.

पण दुखणं असं सरळ नसतं. थंडीत वारा सुटला आणि ते परत आलं. मग गेलं. मग आलं. बाईंनी मला उजव्या हाताच्या बेचक्यातली ती पहिली जागा दाबायला शिकवली. सुई नाही, नुसता अंगठा, जोर लावून, कळ ओसरेपर्यंत. मी तयार असायची. पण हे सांगायचे कुठे? कळ आली की उठून बाथरूममध्ये जायचे, नळ सोडायचे, दार लावून घ्यायचे. मी दारावर थापा मारायची. "अहो, हात द्या. नुसता हात द्या!" आतून पाण्याचा आवाज. त्या आवाजाने मला धबधबाच आठवायचा. बाहेर आल्यावर म्हणायचे, "काही नाही, गेली." जन्माची खोड, ती सुईने थोडीच जाणार? किल्ली माझ्याजवळच होती. वाऱ्याने त्रास होतो म्हणून मी ती देत नाही असं मी सांगायची आणि हे ऐकून घ्यायचे. रिक्षाने कामावर जायचे. खरं कारण दोघांनाही माहीत होतं.

पुढच्या वर्षीचे गणपती आले. ह्या वेळी दाढी गुळगुळीत, कापूस लावलेला चष्मा डोळ्यांवर. आरतीला तीच मंडळी, पण सगळे ह्यांच्यापासून जरा लांब उभे. समोरच्या आजींनी कुंकवाचा करंडा जवळ घेऊन ठेवला होता, मी बघितलं. आरती म्हणताना हे मोठ्याने म्हणत होते. दुसरं कडवं लागलं आणि ह्यांचा आवाज मध्येच तुटला. डावा डोळा आवळला. मला वाटलं, आता बाथरूमकडे पळतील. आजी करंडा उघडायला लागल्या.

हे पळाले नाहीत. सगळ्या बिल्डिंगसमोर, देवासमोर, ह्यांनी उजवा हात माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "अगं, दाब."

आम्हा नवरा-बायकोने चार लोकांत एकमेकांचा हात धरलेला कोणी कधी पाहिला नव्हता. मी टाळ खाली टाकले. दोन्ही हातांनी तो हात धरला आणि बेचक्यात अंगठा रोवला. हे कापत होते, तरी उभे होते. "आजी, करंडा मिटा," मी म्हटलं, "आणि आरती म्हणा." मंडळींनी आरती पुढे म्हटली, अर्धी बेसूर. कळ गेली तरी ह्यांनी हात काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटरची किल्ली ब्लाउजमधून काढली आणि दाराजवळच्या खिळ्याला परत अडकवली. ह्यांनी ती पाहिली. किल्ली घेतली, मफलर गुंडाळला आणि म्हणाले, "दूध आणतो. फुलं आणायचीत का?"

मी म्हटलं, "आणा. दूर्वा पण." आणि ते परत येईपर्यंत गॅलरीत उभी राहिले.